शत्रू नसलेल्या लढाईचं पदक

ढोकीहून नळदुर्गला निघालं की धाराशिव आणि तुळजापूर मागे टाकून आपण सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लागतो. अंतर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर भरेल. लोक तिथे किल्ला पाहायला जातात, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायला जातात. चांगला पाऊस झाला की नर-मादी धबधब्यापाशी गर्दी उसळते. याच नळदुर्गच्या वाटेवर १३ सप्टेंबर १९४८ रोजी शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. पंजाबातल्या मोगा भागातलं लोपो हे त्यांचं गाव. वय अवघं ३१. अशोक चक्र हा सन्मान मरणोत्तर मिळालेले ते पहिले सैनिक. म्हणजे या सन्मानाचा इतिहास सुरू होतो तो आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या मातीत. इतकी मोठी गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही, याची मला खंत वाटते.

अशोक चक्राची ओळख करून देताना ‘शांतताकाळातला सर्वोच्च शौर्य सन्मान’ असं म्हटलं जातं. नियमाच्या भाषेत, शत्रूसमोर नसताना दाखवलेलं असामान्य शौर्य, धाडस किंवा आत्मबलिदान यासाठी तो आहे. आता बचित्तर सिंगांचं मरण कसं आलं ते पाहिलं, तर हे वर्णन वाचणारा चक्रावून जाईल.

पहाटेचे चार. सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेच्या एका कंपनीची आघाडीची प्लाटून त्यांच्या हाताखाली होती. वाटेत एका चौकीवरून गोळीबार सुरू झाला. त्यांनी चढाई करून ती चौकी घेतली. पुढे दोन वाहनं चालून आली, त्यांनाही या प्लाटूननं अडवलं. त्यानंतर नळदुर्गच्या दिशेनं सरकताना एका मजबूत मोर्च्यानं वाट रोखली. बचित्तर सिंग माणसं घेऊन धावले. मोर्चा तीसेक यार्डांवर असताना लाइट मशीनगनच्या गोळ्यांचा फवारा त्यांच्या मांडीत शिरला आणि ते कोसळले. तसेच सरपटत पुढे गेले, दोन हातबॉम्ब फेकून त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. मागे न्यायला आलेल्यांना त्यांनी नकार दिला आणि पडल्या जागेवरून जवानांना हाका देत राहिले. मोर्चा हाती आला. त्यांचा जीव वाचला नाही.

यात शांतता कुठे आहे? मशीनगन खरी, हातबॉम्ब खरे, समोर पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीसारखी कवायती पलटण. तरीही सरकारदरबारी ही लढाई ‘शत्रूसमोर’ झालेली नव्हती. याचं कारण हैदराबादच्या प्रश्नात आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय या पदकाचा अर्थ उलगडत नाही.

त्या काळची ढोकी हैदराबादच्या निजामाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होती. पुढे तेरणा साखर कारखान्यामुळे ढोकीचं नाव सगळीकडे झालं, पण तेव्हा बाहेरच्या जगाशी तिचा धागा म्हणजे बार्शी लाइट. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आलेली आणि १९११ मध्ये लातूरला पोचलेली ही अरुंद रुळांची गाडी. बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात, ढोकी निजामाच्या मुलखात, आणि गाडी एकच. १५ ऑगस्ट १९४७ ला बार्शी स्वतंत्र भारतात गेली, ढोकी मात्र निजामाकडे राहिली. सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापूरच्या बाजूला स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प होते. अलीकडे निजामाच्या बाजूनं लढणारे रझाकार होते, आणि त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा तर लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. स्वतंत्र लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. थोडक्यात, हैदराबादचा प्रश्न दूरच्या राजधानीतला नव्हता. तो याच परिसरात, याच रुळांच्या दोन्ही टोकांना पेटलेला होता.

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. पुढच्या नऊ-दहा महिन्यांत तो टिकला नाही. निजामानं आपलं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नेलं. आता दिल्लीसमोर पेच होता. फौज पाठवून त्याला युद्ध म्हटलं, तर हैदराबाद हा परका देश आहे हे आपणच कबूल केल्यासारखं झालं असतं. भारताची भूमिका होती की हैदराबाद भारताच्या पोटात आहे, तिथली जनता भारतीय आहे आणि तिथे कायदा-सुव्यवस्था कोसळली आहे. म्हणून लष्कराच्या लेखी जे ‘ऑपरेशन पोलो’ होतं, त्याला जगापुढे ‘पोलीस कारवाई’ म्हटलं गेलं. मराठवाड्यातली जुनी माणसं अजूनही ‘पोलीस ॲक्शन’ असंच म्हणतात.

या पोलीस कारवाईत रणगाडे होते. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरहून निघाली आणि तिचा पहिला दिवस जवळजवळ पूर्णपणे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गेला. बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल हाती येणं सगळ्यात महत्त्वाचं होतं. तो उडवला गेला असता तर हैदराबादचा रस्ताच तुटला असता. पूल शाबूत मिळाला. सकाळी नऊपर्यंत फौज जळकोटला होती, दुपारी सव्वातीनच्या सुमारास उमरग्यात. दुसरी तुकडी तुळजापूरवर गेली. तिथे हैदराबादच्या पायदळानं आणि सुमारे २०० रझाकारांनी दोनेक तास झुंज दिली. तिथून लोहाऱ्याकडे जाताना फुगलेल्या नदीनं वाट अडवली. सप्टेंबरातला मराठवाडा ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. १७ सप्टेंबरला निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली आणि १८ तारखेला हैदराबादचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे शरणागती पत्करली.

सगळं आटोपायला पाच दिवस पुरले. त्या पाच दिवसांपूर्वी जे समोर बंदूक धरून उभे होते, ते आठवड्याच्या आत याच देशाचे नागरिक झाले. त्यांच्या घरच्यांसाठी, त्यांच्या गावांसाठी ते कधीच परके नव्हते. ‘शत्रू’ हा शिक्का त्यांच्यावर कायमचा मारायचा नाही, असं सरकारी व्याख्येतून निघतं, आणि मला ती व्याख्या योग्य वाटते. पण प्रत्यक्षात तसं वागलं गेलं नाही, हेही इथेच सांगायला हवं. कारवाईनंतरच्या आठवड्यांत मुस्लिम वस्त्यांवर भीषण हल्ले झाले. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालच्या समितीनं १९४८ च्या अखेरीस दौरा केला, तेव्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं नाव घेतलं. बाकीचे तीन म्हणजे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. एकूण मृतांचा तिचा अंदाज किमान २७ ते ४० हजारांचा होता. बचित्तर सिंगांच्या शौर्याला त्यानं काडीचाही उणेपणा येत नाही. ते पहिल्याच दिवशी गेले. मात्र त्यांची आठवण काढताना त्या गावांची आठवण गिळून टाकायची, हे मला पटत नाही. याच जिल्ह्याच्या इतिहासाची ही दोन पानं आहेत आणि दोन्ही आपलीच आहेत.

पदकाकडे वळू. बचित्तर सिंग गेले तेव्हा स्वतंत्र भारताकडे शौर्याचं स्वतःचं पदकच नव्हतं. इंग्रजांचा व्हिक्टोरिया क्रॉस देण्याचा प्रश्न उरला नव्हता. २६ जानेवारी १९५० ला परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तीन पदकं सुरू झाली, १५ ऑगस्ट १९४७ पासून मागे लागू करून. पण ही तिन्ही पदकं शत्रूसमोरच्या शौर्यासाठी. काश्मीरमध्ये लढलेल्यांना ती मिळू शकत होती, हैदराबादमध्ये लढलेल्यांना नाही.

या नियमाचा परिणाम किती विलक्षण होता, ते एका मराठी माणसाच्या उदाहरणातून दिसतं. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे हे बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर त्यांनी सलग तीन-चार दिवस सुरुंग काढले, आडवे टाकलेले वृक्ष हटवले, तोफगोळ्यांच्या माऱ्यात रणगाड्यांसाठी वाट मोकळी केली. जखमी झाले तरी थांबले नाहीत. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते स्वीकारायला ते सुदैवानं हयात होते. राणेंचं काम रस्ता साफ करण्याचं, बचित्तर सिंगांचं काम मशीनगनवर चालून जाण्याचं. तरीही पहिलं शत्रूसमोरचं शौर्य ठरलं आणि दुसरं शत्रूसमोर नसतानाचं. शौर्याचा प्रकार यात कुठेच मोजलेला नाही. समोरच्या माणसाला कायद्यानं काय म्हणायचं, एवढ्यावर पदक ठरलं.

ही पोकळी भरायला ४ जानेवारी १९५२ ला अशोक चक्र सुरू झालं. सुरुवातीला त्याचे तीन वर्ग होते, आणि तेही १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू. २७ जानेवारी १९६७ ला या तीन वर्गांना अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशी स्वतंत्र नावं मिळाली. पहिल्या वर्गाच्या अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांत हैदराबाद कारवाईतले दोघे होते. एक बचित्तर सिंग, मरणोत्तर. दुसरे नाईक नरबहादूर थापा, पाचव्या गोरखा रायफल्सचे. त्याच १३ सप्टेंबरला दक्षिणेकडून, तुंगभद्रेच्या रेल्वेपुलावर, ते खुकरी घेऊन मशीनगनवर धावून गेले होते आणि वाचले. एकाच तारखेला निजामी मुलखाच्या दोन टोकांना दोन अशोक चक्रं. बचित्तर सिंगांच्या घरच्यांना मात्र या मानासाठी तीन वर्षांहून अधिक काळ थांबावं लागलं, कारण तो मान देणारं पदकच अस्तित्वात नव्हतं.

ही पदकं घडवणाऱ्या बाई आपल्याच, असं म्हणायला हरकत नाही. सावित्रीबाई खानोलकर. स्वित्झर्लंडमध्ये १९१३ साली जन्मलेल्या, माहेरचं नाव इव्ह. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्या झाल्या, संस्कृत शिकल्या, मराठी बोलू लागल्या. मेजर जनरल हिरालाल अटल यांच्या सांगण्यावरून त्यांनी परमवीर चक्राची रचना केली, आणि अशोक चक्रासह इतर शौर्यपदकांच्या रचनेचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. अशोक चक्राचं पदक गोल, सोन्याचा मुलामा दिलेलं. मधोमध अशोकाचं धर्मचक्र, भोवती कमळांची माळ. फीत हिरवी, मधून एक केशरी रेघ. कीर्ती चक्र चांदीचं आणि त्याच्या फितीवर दोन रेघा. शौर्य चक्र काशाच्या रंगाचं, फितीवर तीन. युद्ध सोडून देणाऱ्या सम्राटाचं चक्र या पदकावर बसवलं गेलं, यात मला मोठं औचित्य दिसतं.

अशोक चक्राचा पट पुढे किती रुंदावला, हे त्याच्या पहिल्याच वर्षात दिसलं. ३ फेब्रुवारी १९५२ ला हवाई दलाचं एक डेव्हन विमान लखनौहून दिल्लीला निघालं होतं. आत लष्करातले ज्येष्ठ अधिकारी बसलेले. त्यांत श्रीनागेश आणि थिमय्या होते, जे पुढे एकामागून एक लष्करप्रमुख झाले. आणि आपल्या कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात होते. हवेत इंजिनानं पेट घेतला. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास यांनी डोकं शांत ठेवून संडीलाजवळच्या शेतात विमान उतरवलं. सगळे वाचले. बिस्वासांना अशोक चक्र मिळालं. इथे गोळी नव्हती, मोर्चा नव्हता. वैमानिक, पेटतं इंजिन आणि खाली जमीन, इतकंच. नळदुर्गचा मोर्चा आणि संडीलाचं शेत यांना एकाच पदकानं जोडलं. पाच वर्षांनी निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात बिस्वास गेले.

त्यानंतरच्या दशकांत अशोक चक्र मुख्यत्वे देशांतर्गत बंडखोरी आणि दहशतवादाशी झुंजताना पडलेल्यांना मिळत गेलं. १९५६ मध्ये नागा टेकड्यांत लेफ्टनंट कर्नल जगन्नाथ रावजी चिटणीस पडले. हे मराठी नाव आपल्याकडे जवळजवळ विस्मरणात गेलं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या वाट्याला कॅप्टन एरिक टकर, कर्नल नीलकंठन नायर आणि लेफ्टनंट नवदीप सिंग यांची मरणोत्तर अशोक चक्रं आली. साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे सर्वांना ठाऊक आहेत. पण ते मूळचे सैनिक होते, सिग्नल कोअरमधून नाईक म्हणून निवृत्त होऊन मुंबई पोलिसात आले होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हातात फक्त लाठी असताना त्यांनी मुंबईवरच्या हल्ल्यातला दहशतवादी कसाब याच्या रायफलची नळी धरून ठेवली. २६ जानेवारी २००९ ला त्यांना मरणोत्तर अशोक चक्र जाहीर झालं.

बिस्वासांचा प्रसंग सोडला तर हे सगळं हत्यारांच्या सावलीतलं. आता ज्यात समोर माणूसच नाही, अशा शौर्याकडे येतो. मला या लेखात खरं महत्त्वाचं वाटतं ते हेच.

१२ सप्टेंबर १९४५. दुसरं महायुद्ध संपून महिनाही झाला नव्हता. बंगळूरजवळ थोंडेभावीला सराव चालू असताना एका जवानानं डागलेला ग्रेनेड पुरेसा लांब न जाता स्वतःच्याच माणसांपुढे आठेक यार्डांवर पडला. नाईक किरपा राम यांनी सगळ्यांना मागे हटायला ओरडून सांगितलं, स्वतः पुढे धावले आणि तो उचलला. फेकायच्या आत तो फुटला. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. इंग्रजांनी १९४० साली सुरू केलेला हा सन्मान म्हणजे आपल्या अशोक चक्राचा थोरला भाऊच. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात आयएनएस सिंधुरत्न या पाणबुडीत धूर भरला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार यांनी सहकाऱ्यांना बाहेर काढण्यासाठी त्याच कप्प्यात थांबणं पत्करलं आणि तिथेच त्यांचा अंत झाला. दोघांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. १९ जुलै २०२३ च्या पहाटे सियाचीनमध्ये आग लागली. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कॅप्टन अंशुमान सिंग यांनी जळत्या फायबरग्लासच्या खोलीतून सहकाऱ्यांना काढलं. मग औषधांचा साठा वाचवायला ते वैद्यकीय खोलीत शिरले आणि परत आले नाहीत. त्यांचं कीर्ती चक्र ५ जुलै २०२४ ला राष्ट्रपती भवनात त्यांच्या पत्नीनं आणि आईनं स्वीकारलं.

या तिन्ही घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. युद्धात सैनिकाला मागून रेटणारं बरंच काही असतं. समोरच्याचा राग असतो, पलटणीची इभ्रत असते, मागे फिरलो तरी गोळी लागेलच ही जाणीव असते. धुरानं भरलेल्या कप्प्यात रागवायला कुणी नसतं. दार उघडं असतं आणि बाहेर पडलं तर कुणी नावं ठेवणार नसतं. तिथे थांबायचा निर्णय माणूस निव्वळ दुसऱ्याच्या जिवासाठी घेतो. या शौर्याला ‘शांतताकाळातलं’ म्हणून जरा खालच्या पाटावर बसवण्याची आपली सवय चुकीची आहे, असं माझं ठाम मत आहे.

ही सवय फक्त बोलण्यातली नाही. मानाच्या क्रमात अशोक चक्र परमवीर चक्राच्या लगेच खाली आणि महावीर चक्राच्या वर आहे, हे बरोबरच आहे. पण मानधनात फरक केलेला आहे. २०१७ च्या सुधारणेत परमवीर चक्राला दरमहा २०,००० रुपये ठरले, अशोक चक्राला १२,०००. महावीर चक्राला १०,००० आणि कीर्ती चक्राला ९,०००. वीर चक्राला ७,०००, शौर्य चक्राला ६,०००. प्रत्येक पायरीवर ‘शत्रूसमोर’वालं पदक जोडीदारापेक्षा जड. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परम योद्धा स्थळावर परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. अशोक चक्राच्या मानकऱ्यांचे तिथे नाहीत. ते युद्ध स्मारक आहे, असं उत्तर कुणी देईल. पण नळदुर्गच्या वाटेवर मशीनगनच्या तोंडी सरपटत गेलेल्या माणसाला ते उत्तर कसं लागू पडतं, हे मला कुणी समजावून सांगावं.

आपल्या भागानं लष्कराचं दुसरं रूपही पाहिलं आहे. १९४८ मध्ये ज्या उमरगा-लोहारा पट्ट्यातून रणगाडे गेले, त्याच पट्ट्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सास्तूर आणि आसपासची गावं दगडामातीच्या ढिगात गाडली गेली. जवान आले ते फावडी घेऊन. कुजू लागलेली प्रेतं काढली, पावसात सामुदायिक चिता रचल्या, आणि अधूनमधून जिवंत माणूसही काढला. मंगरूळ गावात लेफ्टनंट कर्नल सुमित बक्षी यांनी भूकंपानंतर काही दिवसांनी ढिगाऱ्यात हात घालून अठरा महिन्यांची मुलगी जिवंत बाहेर काढली. डोक्यावर कधी कोसळेल याचा नेम नसलेल्या भिंतींखाली शिरणारे असे किती तरी जवान होते. त्यांच्या हातून जे घडलं त्यातलं फार थोडं कागदावर आलं असेल.

कागदावर येणं हा या सगळ्याचा कळीचा भाग आहे. शौर्यपदकाची शिफारस तुकडीच्या कमांडिंग ऑफिसरपासून सुरू होते. घटना काय घडली, कुणी पाहिली, याचे जबाब जोडले जातात. मग ती वरच्या मुख्यालयांतून संरक्षण मंत्रालयाच्या समितीकडे आणि शेवटी राष्ट्रपतींकडे जाते. नावं वर्षातून दोनदा जाहीर होतात, प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी. मरणोत्तर सन्मानात तर सांगायला तो माणूसच नसतो. बचित्तर सिंगांचे दोन हातबॉम्ब आज आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांच्या प्लाटूनमधले जवान वाचले आणि त्यांनी पाहिलेलं सांगितलं. धुरात, बर्फात किंवा पुरात जो एकटाच शिरला आणि एकटाच गेला, त्याचा साक्षीदार कोण?

गावच्या पातळीवर हा प्रश्न अगदी जवळ येतो. रजेवर आलेला जवान विहिरीत पडलेल्या पोराला काढायला उडी घेतो, तेरणा किंवा मांजरा नदीच्या पुरात अडकलेल्यांसाठी दोर घेऊन उतरतो, विजेच्या तारेला चिकटलेल्या माणसाला सोडवायला जातो. यात त्याचा जीव गेला तर तो ‘ड्युटीवर’ नव्हता, म्हणून लष्कराची यंत्रणा आपोआप हलत नाही. अशांसाठी १९६१ पासून जीवन रक्षा पदकं आहेत. सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. बुडणं, आग, अपघात, विजेचा धक्का, दरड, जनावराचा हल्ला, खाणीतली दुर्घटना अशा प्रसंगी दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्या कुणालाही ती मिळू शकतात. लष्कर, पोलीस आणि अग्निशमन दलातली माणसंही पात्र असतात, मात्र कृत्य कर्तव्याबाहेरचं हवं. मरणोत्तरही देता येतात. प्रस्ताव राज्य सरकारमार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो आणि त्याला मुदत आहे. घटना मागच्या दोन वर्षांतली असावी लागते.

या दोन वर्षांत गावाकडून बहुतेक वेळा अंत्ययात्रेत गर्दी होते, चौकात फलक लागतो, पुढच्या वर्षी पुण्यतिथीला हार घातला जातो. जबाब कुणी लिहून घेत नाही. पोलीस पाटील, सरपंच, शाळेचे मुख्याध्यापक, तालुक्याची माजी सैनिक संघटना यांपैकी कुणीही एकानं मनावर घेतलं तर ते काम होण्यासारखं आहे. ज्याला वाचवलं त्याचा जबाब, काठावर उभ्या असलेल्यांचे जबाब, पंचनाम्याची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत, त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचं कात्रण. एवढी फाइल तयार करून जिल्हाधिकारी कार्यालयात दिली, पोच घेतली आणि पुढे कुठवर गेली याचा पाठपुरावा केला, म्हणजे प्रस्ताव उभा राहतो. आणि रजेवरच्या जवानाच्या बाबतीत त्याच फाइलची एक प्रत त्याच्या तुकडीच्या कमांडिंग ऑफिसरला आणि एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पाठवून ठेवावी.